बटण बंद, लाइट चालू

बमरोलीत आमच्या खोलीमागे पत्र्याची न्हाणी होती. नव्वदनंतरच्या एका वर्षी तिच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येऊ लागल्या. आई म्हणायची, "लाइट तर बंद आहे, मग कसला शॉक?" आमच्या गल्लीत दिव्यालाही लाइट म्हणत आणि करंटलाही. दिवा विझला की करंटही गेला, असं सगळे धरून चालायचे. त्या शब्दावर माझा अजून राग आहे.

दिवाळीची साफसफाई निघाली होती. वडील लूमच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी न्हाणीतलं बटण बंद केलं आणि दिव्याच्या होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. घरमालकाच्या कुठल्याशा गाढवाने बटण करंट आणणाऱ्या तारेऐवजी परतीच्या तारेवर बसवलं होतं. दिवा विझायचा, पण करंट होल्डरपर्यंत येऊन थांबलेला असायचा. वरची वायर घासून तोच पत्र्यात उतरत होता.

वडिलांनी वळून आईकडे पाहिलं. दर दिवाळीला ती बटण बंद करून, लाकडी स्टुलावर चढून, ओल्या फडक्याने तो होल्डर पुसायची. यंदा स्टूल मोडलं होतं. फडकं भिजवून तयार होतं, आणि दिव्याखाली तिने लोखंडी पिंप पालथं घालून ठेवलं होतं.