शिंगणापूरकरांचं दार

गेल्या शनिवारी नगर-सुपा एसटीत माझ्या शेजारी पन्नाशीचे एक शिंगणापूरकर बसले होते. चष्मा कपाळावर चढवून ते मोबाईलवर गोष्टीचा गेम खेळत होते. राक्षस मागे लागला की त्यांचा नायक पळत खोलीत शिरायचा आणि तिथंच मरायचा.

"अहो, दार लावा की!" मी म्हणालो.

"हातच जात न्हाई, भाऊ. आमच्या गावात घरांना दारं न्हाईत. पुढच्या महिन्यात या गेमचा शेवटचा भाग येतोय, अन् मी अजून इथंच मरतोय!"

शेवटी मीच बटण दाबलं. दार लागलं, राक्षस बाहेर राहिला.

"लई भारी!" ते खुशीत हसले. "पण दार तुमी लावलंय हां. शनिदेवाला उत्तर तुमीच द्यायचं."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. सुप्यात उतरल्यावर मात्र स्टँडजवळच्या शनिमंदिरात जाऊन तेलाचे वीस रुपये पुजाऱ्याच्या हातात दिले.