औटी बाईंचा बैल

"घरी नवीन टीव्ही घेतलाय का?"

औटी बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्या दिवशीच बदली होऊन शाळेवर हजर झालो होतो. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि नाव सांगायला नुकतं तोंड उघडलं होतं. म्हटलं, "टीव्ही नाही, फ्रीज घेतलाय." बाईंचा चेहरा असा काही खुलला! "मग खोकं? खोकं कुठाय?" खोकं बायकोनं भंगारवाल्याला दिल्याचं कळल्यावर त्यांनी पेढा घेतला खरा, पण कपाळावर हात मारून. माझं नाव त्यांनी थेट दुपारच्या सुट्टीत विचारलं.

आमची शाळा मिरजगावापासून आत, आठवीपर्यंतची. बाई गणिताच्या. घर नगरला सावेडीत, पण नोकरीसाठी मिरजगावात खोली घेऊन राहायच्या आणि स्कूटीवरून यायच्या. स्कूटीवर पुढं खोकं, मागं खोकं, मध्ये बाई. बाई अंगानं चांगल्या भरलेल्या, त्यामुळे मध्ये त्या कशा मावतात हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. शनिवारी शाळा सुटली की वर्गात सतरंजी पडायची आणि पोरांच्या घोळक्यात बाई मांडी घालून बसायच्या. कात्री, डिंक, पुठ्ठे यांचा नुसता बाजार! त्यातून एसटी निघायची, उसाची ट्रॉली निघायची, एकदा तर जेसीबी निघाला. जनावरांच्या डॉक्टरकडून म्हशीला टोचायच्या मोठ्या पिचकाऱ्या आणून, धुऊन, सलाइनच्या नळीत पाणी भरून त्यांनी त्या जेसीबीचा हात वरखाली करून दाखवला. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. आणि खरं सांगायचं तर मीही ओरडलो.

एखाद्याचं काम वाकडं झालं की पोर घाबरून बाईंकडं बघायचं. बाई म्हणायच्या, "वाकडं झालं? होऊ दे. चालतंय का ते बघ!" आणि कुणी घाई केली की दम ठरलेला, "डिंक वाळेपर्यंत देवानंसुद्धा हात लावायचा नाही." मी एकदा खवचटपणे विचारलं, "बाई, मग गणित कधी शिकवता?" बाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही. "मग हे काय करतेय, भजी तळतेय?"

तर एका शनिवारी सहावीतली पूनम कात्रीला हातच लावेना. खोदून विचारल्यावर कळलं, गुलब्या गेला. पाखऱ्या आणि गुलब्या ही तिच्या आजोबांची, नानांची, बैलजोडी. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिलं जायचा मान याच घरचा. पण गावचा रिवाज असा, की मान जोडीचा, एकट्या बैलाचा नाही. आता तो मान खालच्या आळीच्या तात्यांकडं जाणार होता. नानांना मानापेक्षा पाखऱ्याचा घोर लागला होता. गुलब्याच्या मोकळ्या खुंट्याकडं तोंड करून तो उभा राही, वैरणीला नीट तोंड लावत नसे.

"नाना म्हणत्यात, यंदा पाखऱ्याला दावणीवरनं सोडायचाच न्हाई," पूनम म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

बाईंनी पूनमकडं पाहिलं. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या कपाटाच्या भल्यामोठ्या खोक्याकडं पाहिलं. मी मनात म्हटलं, मेलो.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी पोरांना घेऊन नानांच्या गोठ्यात पाखऱ्याची मापं घेतली. गुलब्या त्याच्याच उंचीचा होता. पूनमच्या हट्टापुढं नानाही पाखऱ्याला दावणीवरनं सोडायला तयार झाले. मग दोन आठवडे शाळेत नुसता बैल होता. मी म्हणे मराठीचा शिक्षक, आणि दिवसभर खूर कापत बसलो होतो. डिंक संपला तेव्हा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी पातेलंभर कणकेची खळ करून दिली. शिंगांना हिंगूळ लागला, बाईंच्या जुन्या जांभळ्या साडीची झूल झाली. मान हलवायला त्याच म्हशीच्या पिचकाऱ्या. आत दोन पोरं शिरणार आणि पोरांचेच चार पाय बैल चालवणार, असा बेत होता.

पोळ्याच्या दिवशी पूनम आणि तिची मैत्रीण आत शिरल्या आणि बैलाचं पोट भुईला टेकलं. "बसला! बैल बसला!" पोरांनी कालवा केला. मापं सगळी पाखऱ्याची घेतली होती आणि पाय मात्र सहावीचे! इतक्या जणांत कुणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

"बाई, तुमचं गणित चुकलं," मी हसत सुटलो.

"गणित बरोबर आहे, पोरं कमी पडली," बाई पदर खोचत म्हणाल्या. "चला सर. मागचे पाय तुमचे."

"मागचेच का?"

"पुढं डोकं लागतं."

असे आम्ही वेशीकडं निघालो. आत अंधार, घाम, खळीचा आंबूस वास आणि समोर बाईंची पाठ. बाहेर हलगी कडकडत होती आणि लोक हसून हसून लोळत होते. तेवढ्यात तात्यांचा आवाज आला. "नाना, ही काय थट्टा मांडलीया? पुठ्ठ्याच्या बैलाला कुठं मान असतोय व्हय?"

हलगी थांबली. नाना म्हणाले, "तात्या, मला मानाचं काय न्हाई. पाखऱ्याला इचारू. त्यानं जोड मानली तर जातो, न्हाईतर हा माघारी फिरलो बघ."

नानांनी पाखऱ्याला जवळ आणलं. पुठ्ठ्याला लागून मोठा, गरम श्वास ऐकू आला. "सर, हलू नका," बाई पुटपुटल्या. मग खर्र, खर्र असा आवाज.

"चाटतोय! पाखऱ्या चाटतोय!" पूनम किंचाळली आणि सगळी वेस उसळली.

"सर," बाई कुजबुजल्या, "कान गेला."

"कुणाचा?"

"बैलाचा हो! खाल्ला त्यानं!"

"कणकेच्या खळीचा वास आला असेल त्याला."

"गप्प बसा," बाई म्हणाल्या. "त्याला काय ओळखायचं ते ओळखू दे."

तात्या स्वतःच बाजूला झाले. "चला नाना, घाला पुढं. जनावर न्हाई म्हणंना, मग मी कोण?" हलगी पुन्हा कडाडली, आम्ही तोरणाखालून गेलो आणि बाईंनी चक्क ताल धरला. पुढचे पाय नाचायला लागल्यावर मागच्यांना काय इलाज! माझे गुडघे चार दिवस दुखत होते, पण असा मी स्वतःच्या वरातीतही नाचलो नव्हतो.

नानांच्या दारात पूनमच्या आजी ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "आजी, पाणी नगं, पुठ्ठा भिजंल!" पूनम ओरडली.

"पुठ्ठा भिजंल गं. पायास्नी काय हुतंय?" म्हणत आजी खाली बसल्या आणि त्यांनी बाईंच्या पायावर पाणी घातलं.

बाईंनी पाय मागं घेतला. "अहो आजी, तुम्ही मोठ्या. माझ्या पायाला हात नका लावू."

"गप उभा ऱ्हा," आजी म्हणाल्या. "आज तू माझ्या घरचा बैल हाईस."

त्यांनी बाईंचे पाय धुतले, पदरानं पुसले, हळदकुंकू लावलं. मग माझे. मला मेल्या गुदगुल्या होत होत्या. मग बैलाच्या तोंडातून आत पुरणपोळी सरकवत आजी म्हणाल्या, "खा रं लेकरा. लई राबलास."

बाईंची पाठ हलायला लागली. मला वाटलं, हसताहेत. मग कळलं, नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होऊन सावेडीला गेल्या. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. पण राबलात असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या दिवशी बैलाच्या पोटातल्या अंधारात त्यांनी नाक पुसलं, पोळीचे दोन तुकडे केले आणि मागं न बघता एक माझ्याकडं सरकवला.

"घ्या सर," त्या म्हणाल्या, "मागचे पायही राबलेत."