मुंबई ते रत्नागिरी: एक तास चोवीस मिनिटं

आमची बारा सॅपर्सची, म्हणजे लष्करातल्या सुरुंगवाल्यांची तुकडी त्या मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर होती. काम एकच. कातळ फोडून विमान उतरण्यापुरती पट्टी सपाट करायची. पाचला रोल कॉल, सहा ते अकरा सुरुंग आणि घण. साहेब मुंबईला गेलेले, म्हणून हुकूम माझा. मी हवालदार, खेडचा, शेतकऱ्याचा मुलगा.

लान्स नाईक गंगाराम हर्णेचा. बाप गलबतावर तांडेल. मला पोहता येत नाही यावरून तो माझी सारखी खेचायचा. "हवालदारसाहेब, तुमच्या जगबुडी नदीत होडी उलटली तर मानूस चालत घरी जातो."

पट्टी झाली होती, चुन्याने आखायची तेवढी राहिली होती. त्या दिवशी संध्याकाळी एक सुरुंग उशिरा फुटला आणि दगड गंगारामच्या पोटात बसला. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत मुंबईला ऑपरेशनच्या टेबलावर पाहिजे. इथे माझ्याच्याने होणार नाही." समुद्र खवळलेला, आगबोट बंद. रस्त्याने खाड्या ओलांडत दोन दिवस. मी मुंबईला साहेबांना तार केली. उत्तर आलं: विमान सकाळी सातला सुटेल, धुराची खूण करा.

हवेतून अंतर एकशे चाळीस मैल. विमानाचा वेग ताशी शंभर. मी कागदावर गणित मांडलं: आठ चोवीस. धुरासाठी दोन गाड्या पेंढा मिळाला. पावसाळ्याच्या तोंडावर तेवढाही कोणी देत नव्हतं.

आठ वाजता गंगारामला स्ट्रेचरवरून सड्यावर आणलं. तोंड पांढरं पडलं होतं, पण शुद्धीवर होता. त्याने मान वळवून गालावर वारा घेतला.

"साहेब, पेंढा आत्ता लावू नका. वारा दक्षिणेचा हाय. समोरून लागंल त्याला. नवाच्या आत येत नाय."

"गप पड. विमानाला काय शीड असतं?"

"वारा सगल्यांनाच लागतो."

मला वाटलं, ताप बोलतोय. खरं सांगायचं तर हवालदाराला लान्स नाईकाने शिकवलेलं मला रुचलं नाही.

आठ दहाला मी हुकूम दिला, "लगाव." पाणी मारलेला पेंढा छान धुमसला. आठ चोवीस झाले. आकाश रिकामं. आठ पन्नासला शेवटची पेंढी जळाली. जवानांनी अंगातले शर्ट काढून टाकले, ते भडकन पेटले, धूर काही झाला नाही.

नऊ वाजून दोन मिनिटांनी आवाज आला. विमान ढगाखालून समुद्राच्या बाजूने गेलं, वळलं, पुन्हा गेलं. आम्ही चादरी हलवल्या, बोंबललो. वरून कोकणातले सगळे सडे सारखेच दिसत असणार. नऊ वीसला आवाज उत्तरेकडे गेला.

"गेलं काय?" गंगारामने विचारलं.

"येईल परत."

मला रडू आलं, सगळ्या जवानांसमोर आलं. दुपारी तार आली: जागा दिसली नाही, हवा बिघडली, आज पुन्हा निघता येत नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी गंगाराम गेला.

लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही. त्याचं सामान घेऊन मी हर्णेला गेलो. त्याच्या बापाला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

म्हाताऱ्याने शांतपणे ऐकलं. "वाऱ्याचं त्यानं तुमाला सांगितलान होतं?"

"होय."

"मग?"

मी त्याच्या ओटीवर अंधार पडेपर्यंत बसलो आणि मग उठलो.