उदबत्तीचा धूर

जामच्या फाट्यावर बस मिळाली, तेव्हा एका गृहस्थांच्या शेजारची एकच जागा रिकामी होती. साठीचे असतील. मांडीवर नकाशांची गुंडाळी आणि शर्टच्या खिशात चक्क उदबत्तीचा पुडा! मी विचारलंच.

"आर्किटेक्ट हाओ मी," ते म्हणाले. "हे माह्या कामाचं सामान."

त्यांची रीतच तशी होती. कागदाला हात लावण्याआधी भर उन्हाळ्यात रिकाम्या प्लॉटवर उदबत्ती खोचायची आणि धूर कुठे वळतो ते बघत बसायचं. वाऱ्याची वाट कळली, की तिथे खिडकी.

"मालकाले वाटे, पूजा चालू हाय. हात जोडून उभा राहे," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

वडनेर जवळ आलं तसे ते खिडकीकडे पाठ करून बसले. बाहेर एक दुमजली घर दिसलं. त्याच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या आणि भिंतीवर एसीचा डबा लटकत होता.

"तुमचं?"

"माहं होतं. सारेच बुजवतात."

मग त्यांनी नवा नकाशा उलगडला. चार भिंती आणि एक दार.

"खिडकी काऊन नाई?" मी विचारलं.

"काढलीच नाई, त बुजवतीन काय?"

उतरताना त्यांनी पुडा माझ्या हातात ठेवला. "घरी देवापुढं लावजा. मले आता कामाचा नाई."

घरी येऊन एक लावली. धूर सरळ छतापर्यंत गेला. कुठेच वळला नाही.