तावडेकाकांचा डेलिया

कुठल्याही बागेतली पाटी दिसली, की तावडेकाका आधी चष्मा पुसत आणि मग मोठ्याने विचारत, "लावली की लावून घेतली?" आमची ओळखही त्यातूनच झाली. ख्राइस्टचर्चपासून तासाभरावर मेंढ्यांवर गब्बर झालेल्या एका जमीनदाराची जुनी इस्टेट आहे. दगडी घर, ओकची रांग, उंच भिंतीआडची फुलबाग. 'या थोर गृहस्थाने ही झाडं लावली,' असं दारातच कोरलंय. मी आईबाबांना ते वाचून दाखवत होते, तेवढ्यात वाफ्यातून अस्सल मराठी आवाज आला, "फावडं धरलेला एक तरी फोटो दाखव म्हणावं! लावून घेतली म्हणा, लावून!" पाहते तर मफलर गुंडाळलेले, गुडघ्यापर्यंत चिखलात बुडालेले एक आजोबा.

काका पुण्यात उद्यान खात्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलीकडे ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन उपनगरात आले आणि इस्टेटीत व्हॉलंटियर माळी झाले. पुढे दर शनिवारी मी त्यांना गाडीतून न्यायला लागले आणि बसल्या बसल्या तण उपटायला शिकले. बियांपासून त्यांनी एक डेलिया तयार केला होता, किरमिजी, पाकळीच्या टोकाला पांढरी रेघ. हिवाळ्याआधी कंद काढायचे, भुशात जपायचे, वसंतात पुन्हा लावायचे, अशी सहा वर्षं. "याचं नाव सुलभा," ते म्हणत. "जन्मभर लोकांच्या बायकांच्या नावाचे गुलाब वाढवले. माझ्या बायकोच्या नावाने साधी कोथिंबीरही नाही लावली गं."

इस्टेटीची व्यवस्थापक हेलन. बोलायला साखर. रोज लांबूनच माओरीत नमस्कार, "किया ओरा, मिस्टर टावडी!" मार्चमधल्या पुष्पप्रदर्शनात डेलियाचा पहिला नंबर आला, आणि खालच्या कार्डावर निर्मिती म्हणून नाव कुणाचं? हेलनचं! माझं डोकंच फिरलं. तापट मी आहेच. तिथल्या तिथे तिला गाठलं, तर बया म्हणते कशी, "आपण सगळे एकच टीम ना? स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या बोलीत 'झकास!' वर काकांकडे वळून, "याला तुमच्याकडचं एखादं सुंदर नाव सुचवा ना."

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ढापली."

"हाऊ लव्हली! अर्थ काय?"

"हातोहात आलेली," काकांनी शांतपणे इंग्रजीत सांगितलं. मी खोकल्याचं निमित्त करून तंबूबाहेर पळाले.

गाडीत बसल्यावर मात्र हसू आवरलं. "काका, आणि काकूंचं नाव?"

"त्या बाईच्या नावाखाली सुलभा? मेलो तरी नाही!"

झालं. वाफ्यात 'ढापली'ची पितळी पाटी लागली. आठवड्याभरात गावातल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना बातमी लागली. लोक गाड्या भरभरून येत, पाटीशेजारी फोटो काढत आणि पोट धरून हसत. तुमच्या लोकांना हे फूल फार आवडतं, असं हेलन कौतुकाने सांगायची. काका बाकावर बसून हे सगळं मिटक्या मारत बघायचे. मीही बघायचे, खोटं कशाला बोलू? अशी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

गेल्या जुलैत काका हॉस्पिटलमध्ये होते. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागत होती. मी त्यांना हसवायला म्हणून ढापलीचा विषय काढला. ते हसले नाहीत. "तिला कळलंच नाही गं," म्हणाले. "तिला नाही कळलं, तर कसला सूड? फूल तिचंच झालं की." चौथ्या दिवशी ते गेले. अंत्यविधीला हेलनने मोठा गुच्छ पाठवला. मी तो गाडीच्या डिकीतच सुकू दिला.

परवा तिचा फोन आला. इस्टेटीच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय, त्यात डेलियाला अख्खं पान आहे. नावाचा नेमका अर्थ हवा होता. "टावडी आमच्या घरचाच होता," ती गहिवरून म्हणाली.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "ढापली म्हणजे चोरली. कुणाची, तर तावडेंची. कुणी, ते तुम्हाला ठाऊक आहे."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि फुलाचं खरं नाव सुलभा," मी म्हणाले. "स्पेलिंग सांगते, पेन घ्या."