नदीनं न खाल्लेलं जाळं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका कासवाची मान सोडवणं. ती डोहावर धुणं धुवायला गेली होती. तिथनं हाक आली, "आवं, विळा घिऊन या." गेलो. लुगडं खोचून ती पाण्यात उभी, दोन्ही हातांनी कासव उचलून धरलेलं आणि नायलॉनचा फास त्याच्या मानेत रुतलेला. मी एकेक धागा कापला. जाता जाता ते तिच्या बोटाला चावलं. "चाव बाबा, जित्ता हाईस न्हवं," ती म्हणाली. मग घरी येऊन आम्ही भाकरी खाल्ली. ती जरा आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर उठली नाही.

कासव चावल्यानं गेली का, असं मी डॉक्टरला विचारलं. त्याचा काही संबंध नाही म्हणाला. मग कशाचा संबंध, ते मला नीट कळलं नाही. सकाळी कासव पेलणारी बाई ती.

आम्ही भोई, कृष्णाकाठचे. सातारा जिल्हा सरून सांगली लागते, त्या अंगाला आमची वस्ती. मोठा दुष्काळ सरल्यावर डोहातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या एका माणसानं घेतला. त्याच्या गड्यांनी या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनचं जाळं लावलं. ते तळाच्या खडकात अडकलं, तर वरचं तोडून नेलं आणि खालचं तसंच टाकून ते निघून गेले.

आता आमच्यात रीत अशी, की तळाला अडकलेलं जाळं नदीचं. ते काढायचं नाही. आज्या-पणज्यानं सुताची जाळी अशीच सोडली, ती पावसाळाभरात कुजून गेली. म्हणून हे जाळंही कुणी काढलं नाही. दोन पावसाळे गेले तरी ते कुजेना. मासे अडकायचे, सडायचे. ते खायला कासवं यायची, तीही अडकायची. कासवाला वर येऊन श्वास घेता आला नाही तर तेही बुडून मरतं. एकदा पाणमांजराचं पिल्लू तसंच मेलेलं दिसलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

तिचं माहेर जतचं. वस्तीवरचे चेष्टा करायचे, "जतंत पाणी टँकरनं येतंय, आन ही आमाला नदी शिकवती." ती ऐकून घेणारी नव्हती.

"नदीला दिलं म्हंता, मग तिनं खाल्लं का न्हाई? पचत न्हाई तिला. काढा."

"नदीचं हाय गं ते."

"ठेकेदाराचं हाय. नदीनं कवा मागितलं?"

तिचं खरं मानलं तर आजा खोटा पडतो. आज्याचं खरं मानावं तर रोज एक मेलेलं जनावर वर येतंय.

ती गेली त्याच संध्याकाळी तिला काठावरच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा आणि दोर घेऊन निघालो. सुतकात आम्ही जाळ्याला हात लावत नाही. चुलतभावानं वाटेत अडवलं.

"कुठं निघालास रं?"

"जाळं काढाय."

"सुतकात? डोस्कं फिरलंय व्हय तुजं?"

"सुतकात जाळं टाकायचं न्हाई. काढायचं न्हाई आसं कोण म्हणलंय?"

तो घुटमळला. "थोरल्यास्नी इचारू की आदी."

"इचार. तवर मी बुडी मारतो."

मी खडकाशी फास कापत होतो आणि वर आलो की त्याच्या शिव्या ऐकू यायच्या. पण दोराचं टोक त्याच्याच हातात होतं, आणि ओढतही तोच होता.

उन्हं वर आली तेव्हा जाळं काठावर पडलं. त्यात हाडं, शिंपले, कासवांच्या पाठी. बरं केलं का वाईट, काही समजेना. कुणी परत लावू नये म्हणून मी तिच्या धुण्याच्या दगडावर बसून ते कापायला लागलो. सुताचं असतं तर पुरून टाकलं असतं. हे मातीत कुजायचं नाही, आणि नदीत तर टाकायचंच नाही.

"एवढं न्यायचं कुठं गं?" मी विचारलं.

चुलतभाऊ माझ्याकडं बघत राहिला. मी पुढचा फास कापला.