आईनं घोटलेल्या भिंती

हैदराबाद राज्य मोडलं, कचेऱ्यांची वाटणी झाली आणि बाबांची औरंगाबादला बदली झाली. हैदराबादेत बरकतपुऱ्यातलं आमचं घर तेव्हा नुकतंच उभं राहिलं होतं. छत होतं, दारं होती; आतल्या भिंतींच्या विटा मात्र उघड्याच. बाबा म्हणाले, सिमेंट फासून घेऊ आणि विकून टाकू.

आई परभणीकडच्या शेतकऱ्याची लेक. माहेरच्या भिंती तिनं हातानं सारवलेल्या. विकायचंच असेल तर आधी नीट करून विकू, म्हणाली. बाबा एकटे पुढे गेले.

तिनं मोहल्ल्यातला एक म्हातारा गवंडी बोलावला. त्यानं अंगणात खड्डा खणून चुना मुरवला, गुळाचं पाणी घालून गिलावा केला. वरचा पातळ थर ओला असतानाच गुळगुळीत गोट्यानं घोटावा लागे. ते काम आईनं मागून घेतलं. चुन्यानं हात सोलतात, असं त्यानं बजावलं होतं. सोललेच. तिनं चिंध्या बांधल्या आणि पुढची भिंत घेतली. आम्हा पोरांच्या डोक्याला लागू नयेत म्हणून कोनाड्यांच्या कडा तिनं गोल केल्या. गवंड्यानं त्यांवरून बोटं फिरवली.

"अम्मा, ये कडां तुमीच करो," तो म्हणाला. "मेरेसे ऐसा नै होता."

भिंती अशा झाल्या की कंदील लावला की उजेड त्यांच्यातूनच येतोय असं वाटे. उन्हाळ्यात मी गाल टेकवून उभी राही.

मग कर्नूलहून बदलून आलेले एक तेलुगू अधिकारी बायकोसह घर बघायला आले. ते खोल्या मोजत होते. बाई मात्र भिंतीवर तळहात ठेवून थांबल्या. कुणी केलं, असं त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं. आईनं आपले हात पुढे केले. बाई नवऱ्याशी बराच वेळ तेलुगूत बोलल्या, मग आईकडे वळल्या.

"बेचना नक्को, अम्मा. हम किरायेसे रहते. तुम वापस आव."

बाबांनी आढेवेढे घेतले, पण घर राहिलं; ते दोघं भाड्यानं आले आणि आम्ही औरंगाबादला गेलो.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही परतलो. इतक्या वर्षांत भिंतींत एक खिळा ठोकलेला नव्हता. कॅलेंडर दाराच्या चौकटीला टांगलेलं. तारनाक्याला त्या कुटुंबाचं स्वतःचं घर बांधून होत आलं होतं. तिथल्या देवघराची भिंत तेवढी बाईंनी गिलावा न करता आईसाठी कोरी ठेवली होती. सामान सोडायचं टाकून आई गोटा शोधत बसली.